पट, नकाशा आणि रणभूमी : व्यूहरचनेच्या खेळांतील तिसऱ्या मितीचा प्रश्न

संगणकावरील व्यूहरचनेच्या खेळांचे, म्हणजे ज्यांना सर्रास स्ट्रॅटेजी गेम म्हटले जाते त्यांचे, चित्रण द्विमितीय असावे की त्रिमितीय, हा वाद पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. तो बहुधा अभिरुचीच्या पातळीवरच अडकून पडतो. एक पक्ष त्रिमितीय चित्रणाच्या भव्यतेचा कैवार घेतो, तर दुसरा जुन्या सपाट पटाच्या सुबकपणाचा. परंतु या प्रकारच्या खेळात चित्र हे केवळ नेपथ्य नसते. कोणते पथक कोठे उभे आहे, त्याचा मारा कोठवर पोहोचतो, मधली टेकडी त्याच्या नजरेआड काय ठेवते, हे सारे खेळाडू चित्रावरूनच ताडतो आणि त्यावरच पुढची चाल ठरवतो. म्हणून खेळाच्या नियमांना मुळात किती मिती आहेत आणि पडद्यावरचे चित्र त्या मिती नेमकेपणाने वाचू देते की नाही, हीच या वादाची खरी कसोटी ठरते.

हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. प्रशियात १८१२ मध्ये गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी युद्धाचा सराव करण्यासाठी जो खेळ सिद्ध केला, त्यात प्लास्टरच्या उंचसखल चौकोनांनी मढवलेले एक मोठे टेबल होते आणि त्यावर डोंगर, नद्या व रस्ते प्रत्यक्ष उठावात दाखवलेले होते. त्यांच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये या खेळाची सुधारलेली आवृत्ती मांडली, तेव्हा त्याने ते देखणे टेबल बाजूला सारून मोठ्या प्रमाणावर काढलेले कागदी भूनकाशे वापरले आणि सैन्य लहान ठोकळ्यांनी दाखवले. प्रशियाच्या सैन्याने स्वीकारली ती ही नकाशावरची आवृत्ती. कागद कोठेही नेता येत होता, हव्या त्या प्रदेशाचा मिळत होता, आणि चढउतार दाखवणाऱ्या रेघांमुळे उंचीचे ज्ञानही त्यात शाबूत राहत होते. उंचीचा नियम पाळायचा तर उंची उठावातच दाखवली पाहिजे असे नाही, हे त्या वेळीच सिद्ध झाले होते.

संगणकावरील आरंभीच्या खेळांनी सपाट पट स्वीकारला तो मुख्यतः यंत्राच्या मर्यादेमुळे. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) आणि वेस्टवूड कंपनीचा ‘ड्यून २’ (१९९२) हे दोन्ही खेळ थेट वरून पाहिल्यासारखे, चौकोनी घरांच्या पटावर चालतात. पुढच्या काही वर्षांत तिरप्या पटाची पद्धत रूढ झाली, जिला सममितीय किंवा आयसोमेट्रिक म्हणतात. हिच्यात पट कोपऱ्यावर फिरवून वरून तिरका पाहिल्यासारखा काढतात, त्यामुळे प्रत्येक घर पडद्यावर चौकोनाऐवजी आडव्या शंकरपाळ्यासारखे दिसते, त्याची रुंदी उंचीच्या दुप्पट असते, आणि इमारतींची भिंत व छप्पर दोन्ही दिसल्याने खोलीचा भास होतो. ‘सिव्हिलायझेशन २’ (१९९६), ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) ही या शैलीची ठळक उदाहरणे होत. ‘स्टारक्राफ्ट’ही (१९९८) तिच्याच जवळचा आहे.

या शैलीचा मोठा गुण असा की तिच्यात दूरची वस्तू लहान होत नाही. पडद्याच्या वरच्या टोकाचे घर आणि खालच्या टोकाचे घर सारखेच मोठे राहते, त्यामुळे बाणाचा पल्ला किती, घोडदळ किती वेळात पोहोचेल, याचा अंदाज नजर एकदा सरावली की आपोआप येतो. तिचा दोषही तितकाच उघड आहे : उंच इमारतीमागे किंवा झाडीआड उभे असलेले सैनिक झाकले जातात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ने अशा झाकलेल्या सैनिकांची बाह्यरेषा त्या त्या पक्षाच्या रंगात इमारतीवरूनच दाखवून हा दोष दूर केला, वास्तवाशी विसंगत असलेली ही सोय निर्णयासाठी अत्यावश्यक होती. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये तर उंच पठारावरच्या शत्रूवर खालून केलेल्या माऱ्यापैकी बराच वाया जातो, म्हणजे चित्रण द्विमितीय असूनही उंची हा तेथे पक्का नियम आहे. नियमांची मिती आणि चित्राची मिती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे येथे स्पष्ट होते, आणि त्यांची गल्लत केल्यानेच या वादातील बहुतेक गोंधळ निर्माण झाला आहे.

ज्या खेळांत उंची किंवा खोली हाच निर्णयाचा विषय आहे, तेथे मात्र त्रिमितीय चित्रणाने खरोखर नवे दालन उघडले. ‘टोटल अ‍ॅनिहिलेशन’मध्ये (१९९७) तोफगोळ्याचा मार्ग प्रत्यक्ष गणिताने काढला जातो, त्यामुळे मधली टेकडी तो गोळा अडवते आणि तोफ कोठे रोवावी हा विचार भूरूपाशी जोडला जातो. ‘होमवर्ल्ड’ (१९९९) अवकाशात घडतो, जेथे जमीनच नाही. त्यात जहाजांना हुकूम देताना खेळाडू प्रथम एका आडव्या चकतीवर दिशा व अंतर निवडतो आणि मग उभ्या रेषेने तो बिंदू वर किंवा खाली सरकवतो. शत्रूवर वरून वा खालून चालून जाणे ही त्यामुळे साधी रोजची चाल बनते. हा खेळ सपाट पटावर आणला तर त्याचा गाभाच नष्ट होईल. ‘टोटल वॉर’ मालिकेचा प्रवासही असाच बोलका आहे. ‘शोगुन’मध्ये (२०००) रणभूमी त्रिमितीय असली तरी सैनिक द्विमितीय चित्रेच होती, आणि मोहिमेच्या नकाशावर सैन्य एका प्रांतातून शेजारच्या प्रांतात सोंगटीसारखे सरकत असे. ‘रोम’मध्ये (२००४) सैनिकांबरोबर मोहिमेचा नकाशाही त्रिमितीय झाला, सैन्याला त्या भूमीवर मोकळेपणी हलता येऊ लागले आणि खिंड अडवणे, पुलावर गाठणे, रानात दबा धरणे या गोष्टी मोहिमेच्या पातळीवरही शक्य झाल्या. येथे चित्राने मिती वाढवली त्याच वेळी नियमांनीही ती वाढवली, म्हणून हा बदल सार्थ ठरला.

सर्वच खेळांविषयी असे म्हणता येत नाही. ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) त्रिमितीय झाला आणि त्यात दूर जात जात पृथ्वीचा गोल पाहता येऊ लागला, पण त्याचे नियम चौकोनी घरांच्या सपाट पटाचेच राहिले. ‘सिव्हिलायझेशन ५’ने (२०१०) षटकोनी घरे आणली आणि त्रिमितीय देखाव्याबरोबरच एक पर्यायी ‘स्ट्रॅटेजिक व्ह्यू’ही दिला, ज्यात डोंगर, नद्या, शहरे आणि पथके सपाट चिन्हांच्या रूपात दिसतात. देखावा पाहण्यासाठी एक चित्र आणि विचार करण्यासाठी दुसरे, अशी ही विभागणी होती. तिच्यातून पहिले चित्र विचाराला अपुरे पडत असल्याचेच सूचित होते. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ मालिकेच्या त्रिमितीय पाचव्या भागात (२००६) डोंगरामागे पडलेली वस्तू दिसण्यासाठी कॅमेरा फिरवावा लागतो, तर द्विमितीय तिसरा भाग (१९९९) एका नजरेत वाचता येतो. यथार्थदर्शनी चित्रणात जवळची घरे मोठी आणि दूरची लहान दिसतात, त्यामुळे पल्ल्याचा अंदाज चुकतो. शिवाय कॅमेऱ्याची दिशा बदलली की नकाशाची मनात बसलेली उत्तर-दक्षिण डळमळते. निर्णयात काहीही भर न घालणारे हे श्रम खेळाडूवर लादणे हा रचनेचाच दोष मानला पाहिजे.

निर्मितीच्या खर्चाची बाजूही विचारात घ्यावी लागते. द्विमितीय खेळात प्रत्येक सैनिकाची प्रत्येक दिशेतील, प्रत्येक हालचालीतील वेगवेगळी चित्रे तयार ठेवावी लागतात. अशा चित्राला स्प्राइट म्हणतात. त्रिमितीय प्रतिकृती एकदा घडवली की ती कोणत्याही कोनातून दाखवता येते आणि एकीच्या हालचाली दुसरीला देता येतात, त्यामुळे विविधता जितकी जास्त तितका हा मार्ग सोयीचा पडतो. टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र पारडे उलटे फिरते. १९९०च्या दशकाच्या अखेरीच्या त्रिमितीय आकृत्या आज ओबडधोबड वाटतात, तर त्याच काळातील स्प्राइट अजूनही डोळ्यांना रुचतात. ‘स्टारक्राफ्ट’ २०१७ मध्ये नव्या रूपात आला तेव्हा त्याने द्विमितीय चित्रणच अधिक सुस्पष्ट करून कायम ठेवले, आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची २०१९ ची आवृत्तीही त्याच वाटेने गेली. साध्या, जुन्या संगणकावरही सुरळीत चालणे हा द्विमितीय खेळाचा आणखी एक लाभ असून भारतासारख्या देशातील खेळाडूंच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

द्विमितीय चित्रण म्हणजे मागासलेपण नव्हे, याचा आजच्या काळातील उत्तम दाखला म्हणजे ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८) होय. त्याचा पट बुद्धिबळाइतकाच, आठ गुणिले आठ घरांचा, तिरपा आणि मोठ्या पिक्सेलांनी रेखलेला आहे. शत्रू पुढच्या पाळीत कोणत्या घरावर हल्ला करणार हे आधीच पटावर खुणेने दाखवलेले असते, आणि खेळाडूचे काम त्याला मारण्यापेक्षाही एक घर ढकलून त्याचा वार त्याच्याच सोबत्यावर पाडणे हे असते. एकाच घराच्या फरकावर एखादी वस्ती वाचते किंवा कोसळते, म्हणून प्रत्येक घर, प्रत्येक खूण आणि प्रत्येक दिशा निःसंदिग्ध असणे हाच या खेळाचा प्राण आहे. या पटाला फिरता कॅमेरा दिला तर देखणेपणात भर पडेल की नाही ते सांगता येत नाही, पण त्याची अचूकता निश्चित उणावेल.

दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारा तिसरा मार्ग अलीकडच्या वर्षांत अधिकाधिक प्रौढ होत गेला आहे. ‘सुप्रीम कमांडर’मध्ये (२००७) रणभूमी ८१ किलोमीटर लांब व तितकीच रुंद असू शकते, माउसचे चाक फिरवून दूर गेले की त्रिमितीय यंत्रे हळूहळू भौमितिक चिन्हांत बदलतात, आणि चिन्हाच्या आकारावरूनच विमान, जहाज की रणगाडा हे ओळखू येते. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) आणि ‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) यांतही जवळून उठावाची भूमी दिसते आणि दूर गेल्यावर तिचा कागदी नकाशा होतो. या पद्धतीचे मोल असे की ती अंतरानुसार निर्णयाचे स्वरूप बदलते हे ओळखते : जवळून पाहणाऱ्याला भूमी हवी असते, दुरून पाहणाऱ्याला चिन्ह.

मराठी वाचकाला हा भेद आपल्या इतिहासावरून नेमका पडताळता येतो. ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये (२००९) मराठे हा एक खेळता येणारा पक्ष आहे, आणि मराठ्यांच्या युद्धनीतीला न्याय द्यायचा तर कोणते चित्रण हवे हा प्रश्न त्यामुळे प्रत्यक्ष उभा राहतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखानाची फौज सह्याद्री उतरून कोकणात जाताना उंबरखिंडीत अडकली आणि दोन्ही बाजूंच्या चढावर झाडीत दबा धरून बसलेल्या मराठी सैन्यापुढे तिला नमते घ्यावे लागले. या प्रसंगात उंची, आडोसा, अरुंद वाट आणि दृष्टिरेषा, म्हणजे कोणाला कोठवर दिसते, यांवरच सारा निकाल अवलंबून होता. तो खेळात आणायचा तर त्रिमितीय रणभूमीची गरज खरी आहे. याउलट ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला, मराठी छावणीची रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईपूर्वीच उपासमारीने सैन्य खचले. त्या मोहिमेतील कळीचे निर्णय नदी, रस्ते, ठाणी आणि धान्य यांचे होते, आणि ते सपाट नकाशावर जितके स्वच्छ वाचता येतील तितके कोणत्याही डौलदार देखाव्यात वाचता येणार नाहीत.

तेव्हा व्यूहरचनेच्या खेळांनी सपाट, स्पष्ट पट हा पाया मानावा आणि तिसरी मिती नियमांनी मागितली तरच आणावी, हाच या आढाव्याचा निष्कर्ष आहे. टेकडीने गोळा अडवावा, चढणीने सैन्य दमावे, खिंडीने वाट रोखावी, अशी कामे ती मिती करीत असेल तर तिच्यासाठी होणारा खर्च आणि श्रम दोन्ही योग्य होत. ती केवळ जाहिरातीतील छायाचित्रासाठी असेल तर मात्र पडद्यावरील प्रत्येक डोंगर खेळाडूच्या विचाराआड उभा राहतो. समीक्षकांनीही खेळाचे चित्रण किती अद्ययावत आहे यापेक्षा एका नजरेत किती अचूक कळते याची नोंद घेण्याची सवय लावली, तर निर्मात्यांवरील देखाव्याचे दडपण कमी होईल आणि या कलाप्रकाराचा मूळ आनंद, म्हणजे नीट समजून घेतलेल्या परिस्थितीवर आपल्या बुद्धीने मात करण्याचा आनंद, अधिक निखळ स्वरूपात खेळाडूच्या हाती येईल.