आद्यानुप्रास, इंग्रजी व जर्मन काव्यातील

शब्दारंभीच्या ध्वनीच्या पुनरावृत्तीवर आधारलेली रचनापद्धती. जर्मन भाषेत तिला ‘श्टाबराइम’ म्हणतात. संस्कृत व मराठी काव्यशास्त्रात अनुप्रास हा शब्दालंकार मानला जातो. तो वगळला, तरी वृत्त अबाधित राहते. प्राचीन जर्मानिक काव्यात मात्र तो पद्यबंधाचाच आधार होता. जर्मानिक भाषांत आघात सामान्यतः शब्दाच्या मूळ अवयवावर, म्हणजे बहुधा आरंभी पडतो. त्यामुळे आद्य ध्वनी ठळकपणे ऐकू येतो. यतीने दुभागलेल्या ओळीत चार प्रमुख आघात असतात. तिसऱ्या आघाताच्या आद्य ध्वनीशी पहिल्या दोहोंपैकी एकाचा किंवा दोहोंचा ध्वनी जुळतो. चौथा बहुधा मोकळा राहतो. कोणताही स्वर दुसऱ्या कोणत्याही स्वराशी जुळू शकतो.

प्राचीन इंग्रजीतील बेओवुल्फ (हस्तलिखित सु. १०००) व प्राचीन जर्मनमधील हिल्डेब्रांट्सलीड (हस्तलिखित नववे शतक) ही या पद्धतीची प्रमुख उदाहरणे होत. नवव्या शतकातच ओटफ्रीटने आपल्या शुभवर्तमानकाव्यात अंत्ययमकाचा अवलंब केला व जर्मनमध्ये जुनी पद्धती लवकरच मागे पडली. इंग्लंडमध्ये ती चौदाव्या शतकात पिअर्स प्लाउमनसारख्या काव्यांतून पुन्हा बहरली.

अर्वाचीन काळात रिखार्ड व्हाग्नर (१८१३–८३) याने डेअर रिंग देस नीबेलुंगेन या संगीतनाट्यचतुष्टयासाठी (संपूर्ण प्रयोग १८७६) तिचे पुनरुज्जीवन केले. ‘लुस्ट’ (सुख) व ‘लाइड’ (दुःख) यांसारखे विरोधी भाव ध्वनिसाम्याने एकत्र बांधले जातात, ही त्याची उपपत्ती मार्मिक आहे. तथापि ध्वनी साधण्यासाठी योजलेल्या अप्रचलित शब्दांमुळे त्याची संहिता संगीतावाचून वाचताना अनेकदा कृत्रिम वाटते. याउलट जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्झ (१८४४–८९) याने अक्षरांऐवजी आघात मोजणारी लय स्वीकारली आणि अनुप्रासाला बोलभाषेच्या जोराची जोड दिली. जुने नियम त्याने पाळले नाहीत. तरीही त्या पद्धतीचे मर्म त्याच्याच काव्यात अधिक उतरले आहे. डब्ल्यू. एच्. ऑडन याने द एज ऑफ अँग्झायटी (१९४७) मध्ये प्राचीन बंधाचा आधुनिक शहरी विषयासाठी उपयोग केला.

‘हाउस उंट होफ’ (घरदार) किंवा ‘किथ अँड किन’ (आप्तस्वकीय) अशा जोडशब्दांत ही प्रवृत्ती आजही टिकून आहे. म्हणून या काव्याचे मूल्यमापन करताना अनुप्रास किती आहे यापेक्षा तो आघाताशी व अर्थाशी कितपत एकजीव झाला आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. मराठी अनुवादकापुढील अडचणही हीच आहे : मराठीत असा प्रबळ आघात नसल्याने केवळ वर्णसाम्य साधून मूळ रचनेचा जोर उतरत नाही.