प्ररोचना आणि प्रस्ताव : चित्रपट-महोत्सवातील व्यवसायचर्चेची संहिता

चित्रपट-महोत्सव ही जशी चित्रपट दाखविण्याची व्यवस्था असते, तशीच ती चित्रपटाविषयी बोलण्याचीही व्यवस्था असते. पहिल्या व्यवस्थेचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. दुसरीकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. परिसंवाद, प्रकट मुलाखती, मास्टरक्लास, पटकथा-कार्यशाळा, निर्मात्यांपुढे करावयाचे सादरीकरण या साऱ्यांची गणना ‘धंद्याच्या कामकाजा’त केली जाते आणि वाङ्मयीन विचाराच्या कक्षेबाहेर त्यांची रवानगी होते. वस्तुतः या प्रसंगी जे बोलले आणि लिहिले जाते त्याला स्वतःचे रूपबंध आहेत, संकेत आहेत, गृहीत धरलेला वाचक आहे. आणि या रूपबंधांचा परिणाम पुढे आकाराला येणाऱ्या कृतीच्या घाटावर होत असतो. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, म्हणजे ‘इफ्फी’च्या, संदर्भात हा प्रश्न तपासून पाहता येतो.

हा महोत्सव प्रथम १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरला आणि नंतर मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. त्याच्या आदल्याच वर्षी स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीचा अहवाल आला होता. चित्रपटासाठी अर्थसाह्य करणारी संस्था, प्रशिक्षण देणारी संस्था आणि संग्रहालय यांची कल्पना त्या अहवालाने मांडली. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, तर १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अस्तित्वात आले. दरम्यान १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाची स्थापना झाली. महोत्सवातील ‘ओपन फोरम’ ही खुली चर्चा पुढे याच संघटनेशी निगडित राहिली. या पर्वातील बोलण्याचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. राज्यसंस्था, दिग्दर्शक आणि प्रेक्षक हे तीन पक्ष त्यात सहभागी होते आणि बोलणे प्रामुख्याने घडून गेलेल्या कृतीविषयी होते. प्रश्न विचारणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असे. मतभेद कितीही तीव्र झाले, तरी दोन्ही पक्षांसमोर एकच संहिता उभी असे.

२००४ पासून महोत्सव गोव्यात स्थिरावला आणि २००७ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्याला जोडून ‘फिल्म बाजार’ सुरू केला. सहनिर्मितीसाठी प्रकल्पांची निवड, पटकथाकारांची कार्यशाळा, अपूर्ण चित्रपटांची ‘वर्क इन प्रोग्रेस लॅब’ आणि खरेदीदारांसाठी दर्शनकक्ष अशी त्याची अंगे विकसित झाली. २०२१ पासून महोत्सवाने तरुण चित्रकर्मींसाठीही स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. त्या वर्षी ७५ जणांची निवड झाली. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, चित्रपट संग्रहालय आणि बालचित्र समिती यांचे महामंडळात विलीनीकरण झाले. म्हणजे चित्रपट दाखविणे, जपणे आणि विकणे ही तिन्ही कार्ये एकाच छपराखाली आली. २०२५ मध्ये बाजाराला ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’ हे नाव मिळाले. या स्थित्यंतराचे प्रशासकीय वर्णन सोपे आहे. वाङ्मयीन दृष्टीने त्याचा अर्थ असा की, महोत्सवातील बोलण्याचा मोठा भाग आता न घडलेल्या कृतीविषयी होऊ लागला.

न घडलेल्या कृतीविषयी बोलण्याचा हा प्रकार, ज्याला व्यवसायात ‘पिच’ म्हणतात, आपल्या परंपरेतील एका संकल्पनेशी ताडून पाहता येईल. नाट्यशास्त्राने भारती वृत्तीच्या अंगांमध्ये ‘प्ररोचना’ सांगितली आहे. कवी, नाट्यकृती आणि प्रसंग यांची प्रशंसा करून प्रेक्षकांस उन्मुख करणे हे तिचे कार्य होय. वरवर पाहता पिचचेही कार्य हेच. परंतु प्ररोचना सिद्ध झालेल्या नाटकाविषयी असते, ती त्याच नाटकाच्या प्रयोगात, त्याच भाषेत उच्चारली जाते आणि तिची सत्यता पुढच्या काही घटकांतच पडताळली जाते. पिचला हे तिन्ही आधार नाहीत. तिच्यामागे नाटक नाही, तिची भाषा बहुधा कृतीच्या भाषेहून वेगळी आहे आणि तिचा श्रोता प्रेक्षक नसून भांडवल पुरविणारा किंवा निवड करणारा आहे. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर पिच हे विधान नव्हे, ते वचन आहे. वचन खरे वा खोटे ठरत नाही. ते पाळले जाते किंवा मोडले जाते. म्हणून ज्या लेखकाने विशिष्ट कथा सांगून साहाय्य मिळविले, त्याला चित्रीकरणाच्या काळात कथेने दुसरे वळण घ्यावेसे वाटले, तर त्या वळणाला वचनभंगाची छटा येते. कृतीचे स्वातंत्र्य येथे प्रथमच करारबद्ध होते.

पिचच्या सोबत येणारा सारांश हाही एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. तो वर्तमानकाळात लिहिला जातो. भविष्यात घडावयाची कृती जणू डोळ्यांसमोर चालू आहे असा आभास तो निर्माण करतो. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकूर शेवट झाकून ठेवतो, तर सारांशाला शेवट सांगावाच लागतो. परिणामी निवड करणारा वाचक कथेकडे तिच्या शेवटापासून मागे पाहतो आणि प्रत्येक घटना त्या शेवटाची पूर्वतयारी म्हणून तपासतो. जी घटना कशाचीच तयारी करीत नाही ती त्याला अनावश्यक वाटते. शिवाय सारांशात एका पात्राची इच्छा आणि तिला होणारा विरोध हीच वाक्यरचनेला सोयीची ठरते, कारण वाक्याला कर्ता आणि क्रिया लागते. गावाचे, ऋतूचे, घरातल्या सवयीचे वर्णन सारांशात ‘पार्श्वभूमी’ होऊन बसते, मग चित्रपटात तेच मुख्य असो. बाख्तिनने भाषणप्रकारांविषयी जे म्हटले त्याचा आशय येथे लागू पडतो: प्रकार निवडला की काय सांगता येईल याची मर्यादाही बऱ्याच अंशी निवडली जाते.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. बाजारातील लेखी आणि तोंडी व्यवहार मुख्यत्वे इंग्रजीतून चालतो. समजा, एका मराठी पटकथेत सासऱ्याला आयुष्यभर ‘अहो’ म्हणणारी सून एका रात्री त्याला ‘अरे’ म्हणते आणि त्या एका संबोधनाने घरातील सत्तासंबंध उलटतात. मराठी वाचकाला तो पटकथेचा कळस वाटेल. इंग्रजी सारांशात या प्रसंगाचे काय होईल? एक तर ‘सून चिडून बोलते’ असे निस्तेज वाक्य उरेल, किंवा लेखक तिथे एखादी ठसठशीत कृती घालील, उदाहरणार्थ ती घर सोडून निघते. दुसरा पर्याय स्वीकारला की अनुवादाच्या गरजेतून कथाच बदलली. हा बदल कोणी लादलेला नसतो. म्हणूनच त्याची नोंद कोठे होत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, भाषांतून प्रवास करणे भारतीय चित्रपटाला नवे नाही. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात दिलीप चित्रे यांच्या कवितेलाही स्थान मिळाले. या प्रवासात काही हरवले असेल, पण काही नवे घडलेही. आक्षेप रास्त आहे. तथापि तेथे रूपांतर झाले ते पूर्ण, प्रकाशित कथेचे. मूळ संहिता आपल्या जागी शाबूत राहिली. ती आजही वाचता येते आणि चित्रपटाशी ताडून पाहता येते. पटकथेच्या बाबतीत रूपांतर जन्माआधीच होते. मूळ असे काही मागे उरत नाही, आणि जे उरत नाही त्याविषयी समीक्षा बोलू शकत नाही.

येथे दादासाहेब फाळके यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १९१२ मध्ये भांडवल मिळविण्यासाठी फाळके यांनी वाटाण्याचे रोप रुजून वाढते कसे याचा, रोज थोडे थोडे चित्रण करून, एक छोटा चित्रपट तयार केला आणि तो भांडवलदाराला दाखविला. भारतीय चित्रपटातील ही आद्य प्ररोचना म्हणावी लागेल. तिच्यात राजा हरिश्चंद्राची कथा नव्हती. त्यांनी ज्या माध्यमात काम करावयाचे होते त्या माध्यमाचीच शक्ती समोर ठेवली. शब्दांचे मध्यस्थीकार्य जवळजवळ शून्य होते.

या कसोटीने पाहिले म्हणजे बाजारातील दोन उपक्रमांमधील भेद स्पष्ट होतो. पटकथा-कार्यशाळेत कृती शब्दांत असते. ‘वर्क इन प्रोग्रेस लॅब’मध्ये ती कच्च्या संकलनाच्या रूपाने प्रत्यक्ष पडद्यावर येते. कनू बहल यांचा ‘तितली’ (२०१४) पहिल्या मार्गाने गेला. दिल्लीतील हिंसक कुटुंबातून धाकट्या भावाला बाहेर पडावयाचे आहे, हे त्याचे सूत्र एका वाक्यात मावते. राम रेड्डी यांचा कन्नड ‘तिथी’ (२०१५) दुसऱ्या मार्गाने आला. शंभरी ओलांडलेल्या वृद्धाचा मृत्यू आणि अकराव्या दिवसाच्या विधीपर्यंतचा काळ, तीन पिढ्यांचे पुरुष, अभिनयाचा पूर्वानुभव नसलेली गावातील माणसे: यांतील कोणाचीही इच्छा कथेचा कणा होत नाही. लोकार्नो येथे गौरविला गेलेला हा चित्रपट सारांशाने निवडला गेला असता काय, हा प्रश्न सयुक्तिक आहे. मात्र यावरून पहिला मार्ग कृतीचे नुकसानच करतो असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘तितली’तील सर्वांत बोलके अंग, म्हणजे घरातील पुरुषांचे दात घासण्याचे, खाकरण्याचे आवाज आणि त्यांतून व्यक्त होणारा हिंसेचा वारसा, हे सारांशात कधीच मावणारे नव्हते, तरी ते चित्रपटात आले. समर्थ दिग्दर्शक सारांशाला देय ते देऊन उरलेले स्वतःसाठी राखून ठेवू शकतो. प्रश्न आहे तो अजून हे कौशल्य न आलेल्या नवोदिताचा, ज्याच्यासाठी हे उपक्रम असल्याचे सांगितले जाते.

जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून १९६९ मध्ये ‘भुवन शोम’ आणि ‘उसकी रोटी’ यांसारखे चित्रपट झाले हे खरे. पण तेथेही पटकथा कोणाच्या तरी टेबलावरून जावी लागत होती, आणि नकाराची कारणमीमांसा अर्जदाराशी चर्चा करून केली जात नव्हती. कार्यशाळेत मार्गदर्शक पटकथा ओळीओळीने वाचतो, लेखकाला प्रश्न विचारतो, पर्याय सुचवितो. नव्या लेखकाच्या वाट्याला असे निकट वाचन अन्यत्र क्वचितच येते. नेमकी हीच गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने अस्वस्थ करणारी आहे. निकट वाचन हे समीक्षेचे काम. ते तिने पटकथेच्या संदर्भात केले नाही, म्हणून ते व्यवसायाने आपल्या गरजेप्रमाणे उभे केले. ‘पात्राला काय हवे आहे?’ हा मार्गदर्शकाचा ठरलेला प्रश्न एका विशिष्ट नाट्यसिद्धांतातून येतो; त्याला पर्यायी प्रश्न मराठीत कोणी घडविला आहे काय?

मराठीत चित्रपटविचाराची परंपरा नाही असे नव्हे. फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेख लिहिले, त्यांत तंत्र आणि भांडवल यांची चर्चा मराठीतच केली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि त्याच्या ‘वास्तव रूपवाणी’ने प्रेक्षकाची परिभाषा घडविली. परंतु ही परिभाषा पूर्ण झालेल्या चित्रपटाची आहे. अपूर्ण, घडत असलेल्या पटकथेविषयी बोलण्याची भाषा आपल्याकडे सिद्ध झालेली नाही, कारण पटकथेला आपण वाङ्मय मानलेले नाही. नाट्यसंहिता अभ्यासक्रमात आली, पटकथा वेशीबाहेर राहिली. परिणाम असा की पणजीत जेथे रस्त्यावर कोंकणी आणि मराठी कानी पडते, तेथेच मराठी पटकथाकाराला आपल्या कृतीचे गुणदोष परभाषेत ऐकावे आणि मान्य करावे लागतात.

व्यवसायचर्चा हटवून हा पेच सुटणार नाही. चित्रपटाला पैसा लागतो आणि पैसा देणाऱ्याला आधी काही सांगावे लागते, हे फाळके यांच्या काळाइतकेच आजही खरे आहे. काय सांगावयाचे आणि कोणत्या रूपात, हे मात्र बदलता येते. पटकथांचे मूळ मसुदे मराठीत प्रकाशित होणे, त्यांच्या आवृत्त्यांचा पाठचिकित्सेच्या पद्धतीने तौलनिक अभ्यास होणे, आणि कार्यशाळेपूर्वीचा व नंतरचा पाठ शेजारी ठेवून काय गळले व काय आले याची नोंद होणे, ही विद्यापीठीय मराठी विभागांच्या आवाक्यातील कामे आहेत. ती झाली तर सुनेच्या त्या ‘अरे’चे पुढे काय झाले हे निदान कळू शकेल. तोवर मराठी पटकथेच्या जडणघडणीतील निर्णायक वाचन मराठीबाहेर होत राहील, आणि त्याची जबाबदारी एकट्या बाजारावर टाकता येणार नाही.