‘ड्यून’मालेंतील दुबळें पुस्तक कोणतें ?

ज्या ग्रंथमालेवर वाचकांचें खरें प्रेम जडलेलें असतें, तिच्यांतील उत्तम पुस्तक कोणतें ह्याविषयीं त्यांच्यांत फारसा वाद होत नाहीं. वाद माजतो तो तिच्यांतील दुबळें पुस्तक कोणतें ह्याविषयीं. फ्रँक हर्बर्ट ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘ड्यून’मालेचें असेंच झालें आहे. १९६५ सालीं ग्रंथरूपानें निघालेलें ‘ड्यून’ सर्वांत श्रेष्ठ, एवढ्यावर बहुतेकांचें एकमत आहे. पुढचीं पांच, म्हणजे ‘ड्यून मेसाया’ (१९६९), ‘चिल्ड्रेन ऑफ ड्यून’ (१९७६), ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’ (१९८१), ‘हेरेटिक्स ऑफ ड्यून’ (१९८४) आणि ‘चॅप्टरहाऊस : ड्यून’ (१९८५), ह्यांपैकीं सर्वांत खालच्या पायरीवर कोणास बसवावें, ह्यावर मात्र ह्या मालेचे भक्त गेलीं कित्येक वर्षें हमरीतुमरीवर येत आले आहेत. हर्बर्ट १९८६ सालीं वारला. त्याचा मुलगा ब्रायन ह्यानें केव्हिन अँडरसन ह्याच्या साहाय्यानें १९९९ पासून ह्याच जगाविषयीं पुष्कळ पुस्तकें काढलीं आहेत. तीं ह्या वादांत सहसा कोणी धरीत नाहीं, व आम्हीहि धरीत नाहीं. तीं धरलीं तर वाद फार लवकर मिटेल, असें कांहीं खट्याळ वाचक म्हणतात. त्या भानगडींत आम्ही शिरत नाहीं.

आरोपीच्या पिंजऱ्यांत बहुतेक वेळां उभें केलें जातें तें दुसरें पुस्तक, ‘ड्यून मेसाया’. तो आरोप कितपत टिकतो हें पाहावयाचें तर पहिल्याची कथा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अरॅकिस नांवाचा एक रुक्ष ग्रह. तेथें पाण्याचा थेंबहि मोलाचा. वाळूंत अजस्र कृमि वावरतात, व त्यांच्या जीवनचक्रांतून एक ‘मसाला’ उपजतो. ह्या मसाल्यानें आयुष्य वाढतें, कांहींना भविष्य दिसूं लागतें, आणि त्याच्यावांचून ताऱ्यांमधील दळणवळण बंद पडतें. म्हणून साऱ्या साम्राज्याची नजर त्या एका वाळवंटावर खिळलेली. ग्रहाचा कारभार अट्रायडीस घराण्याकडे येतो, आणि लगेच हार्कोनन हें वैरी घराणें व खुद्द सम्राट मिळून त्याचा घात करतात. बाप मरतो, पंधरा वर्षांचा पॉल आईसह वाळवंटांत पळतो. तेथील फ्रेमेन लोक त्यास भाकितांतला उद्धारकर्ता मानतात, आणि त्यांच्या बळावर तो वैऱ्यांचा निःपात करून सिंहासन मिळवितो. पोरका राजपुत्र, कपटी शत्रु, रानांत भेटलेले इमानी सखे आणि शेवटीं द्वंद्वयुद्ध ! वीररसाला ह्याहून अधिक काय हवें ?

ह्या कथेनंतर वाचक दुसरें पुस्तक उघडतो, तों मध्यें १२ वर्षें लोटलेलीं. पॉल सम्राट आहे आणि देवहि आहे. त्याच्या नांवानें फ्रेमेनांनीं जें धर्मयुद्ध पेटविलें त्यांत ६१ अब्ज माणसें मेलीं. ज्या राजवाड्यांत तो बसतो तेथें मोहिमा नाहींत, कृमींवर बसून केलेल्या स्वाऱ्या नाहींत. आहेत त्या खलबतें, सल्लामसलती आणि एका थकलेल्या माणसाचे सुस्कारे. पुस्तकहि पहिल्याच्या निम्म्याहून लहान. वाचकाचा विरस होतो. आमचाहि झाला होता. प्रथम वाचलें त्या वेळीं तें अर्ध्यावर टाकून आम्ही पुन्हां पहिलेंच वाचावयास घेतलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

विरस झालेल्या वाचकांत पहिला मान एका संपादकाचा आहे. पहिलें ‘ड्यून’ १९६३ ते १९६५ ह्या काळांत ज्या ‘अ‍ॅनालॉग’ मासिकांत क्रमशः आलें, त्याचा संपादक जॉन कॅम्बेल. वीसाहून अधिक प्रकाशकांनीं नाकारलेलें हें हस्तलिखित पुढें मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांबद्दल प्रसिद्ध असलेल्या चिल्टन नांवाच्या मंडळीनें छापलें. तेव्हां कॅम्बेलची पारख किती मोठी होती हें सांगावयास नको. पण ‘ड्यून मेसाया’ हातीं आल्यावर ह्याच कॅम्बेलनें तें परत केलें. त्याला पराक्रमी नायक हवा होता. स्वतःच्याच विजयाखालीं चिरडला जाणारा नायक त्यास रुचला नाहीं. पुस्तक ‘गॅलक्सी’ ह्या दुसऱ्या मासिकांतून १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. आज जे वाचक ह्या पुस्तकास नांवें ठेवतात त्यांच्या बहुतेक तक्रारींचें मूळ कॅम्बेलच्या त्या नकारांत सांपडतें.

आतां ही तक्रार न्याय्य आहे काय ? हर्बर्टनें १९८० सालीं ‘ड्यून’च्या उत्पत्तीविषयीं एक लेख लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, दुसऱ्या व तिसऱ्या पुस्तकांचे कांहीं भाग पहिलें पुरें होण्यापूर्वींच लिहून झाले होते, आणि लोकांनीं आपली सारी बुद्धि एका तारकाच्या स्वाधीन करण्यांतला धोका दाखविणें हाच त्याचा मूळ हेतु होता. म्हणजे दुसरें पुस्तक ही मागाहून सुचलेली पुरवणी नव्हे. लेखकाचें स्वतःच्या हेतूविषयींचें म्हणणें मुकाट्यानें मान्य करावें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु येथें पहिल्या पुस्तकांतच त्याची साक्ष आहे. ग्रहशास्त्रज्ञ काइन्स वाळवंटांत मरत असतां त्यास भ्रमांत आपल्या मृत बापाचा आवाज ऐकूं येतो, आणि तो आवाज बजावतो कीं, वीरपुरुषाच्या हातीं सांपडणें ह्यासारखी दुसरी आपत्ति तुझ्या लोकांवर येऊं शकणार नाहीं. पॉलला आपल्या झेंड्याखालीं चाललेल्या कत्तलीचीं दृश्यें प्रथम दिसतात तीं पुस्तकाच्या पूर्वार्धांतच. आणि शेवटाकडे, आपला सखा स्टिलगार हा आतां सखा उरला नसून भक्त झाला आहे, हें पॉलच्या ध्यानांत येतें, व त्याला जें दुःख होतें तें लेखकानें दोनचार ओळींत फार सुंदर सांगितलें आहे.

हें सर्व आम्ही पहिल्या वाचनांत वाचलें होतें, आणि वाचूनहि ऐकलें नव्हतें. वाचकांनीं तें कां ऐकूं नये ? कांहीं टीकाकार सारा दोष वाचकांच्या माथीं मारतात. आमच्या मतें निदान अर्धा दोष हर्बर्टचा आहे. ज्यानें हार्कोननांचा सरदार इतका ओंगळ रंगविला, फ्रेमेनांची शिस्त इतकी मोहक केली आणि शेवटच्या प्रकरणांत सुऱ्यांची झुंज लावून दिली, त्यानें वाचक टाळ्या वाजवूं लागल्यावर रागावूं नये. कथेचा वेग एकीकडे ओढतो व लेखकाचा इशारा दुसरीकडे. अशा ओढाताणींत वेगच जिंकावयाचा. डेनी व्हिलनव्ह ह्या दिग्दर्शकास हें नेमकें कळलें होतें. त्यानें २०२१ व २०२४ सालीं ह्या पहिल्या पुस्तकावर दोन चित्रपट काढले. त्यांतल्या दुसऱ्यांत पॉलची प्रियतमा चानी ही मूळ कथेप्रमाणें त्याच्या पाठीशीं उभी राहत नाहीं. भाकितावर तिचा विश्वास नाहीं, आणि सारे गुडघे टेकीत असतां ती पाठ फिरवून वाळवंटांत निघून जाते. कथेच्या आंत कोणीतरी शंका घेणारें माणूस पाहिजे होतें; हर्बर्टनें तें ठेविलें नाहीं, म्हणून त्यास तें काम दुसऱ्या पुस्तकावर सोंपवावें लागलें.

तेव्हां दुसऱ्या पुस्तकाकडे ह्या दृष्टीनें पाहावें. त्याचे दोष उघड आहेत. आरंभींच चार कारस्थानी एकत्र बसून आपला बेत बोलूं लागतात, तो प्रवेश नाटकांतल्या सूत्रधार-नटीच्या संवादासारखा कृत्रिम वाटतो. त्यांच्यांत अंतराळनौका हांकणारा एक सुकाणूदार आहे, व तो जवळ असला म्हणजे पॉलच्या भविष्यदृष्टीला कांहीं दिसत नाहीं, ही सोय लेखकाच्या फारच सोयीची आहे. ६१ अब्ज माणसें मेलीं असें आपणांस सांगितलें जातें. एकहि मरतांना दिसत नाहीं. हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो.

पण त्याचें अर्धें उत्तर त्याच पुस्तकांत आहे, व तें अशा एका प्रसंगांत आहे कीं वाद घालणारे त्याचा क्वचितच उल्लेख करतात. फारोक नांवाचा एक म्हातारा फ्रेमेन शिपाई आपल्या घरीं पाहुण्याशीं बोलत बसला आहे. तो धर्मयुद्धावर गेला होता तो धर्मासाठीं नव्हे. समुद्र नांवाची कांहीं वस्तु जगांत आहे असें त्यानें ऐकलें होतें, आणि वाळूंत जन्मलेल्या माणसाला ती खरी वाटेना, म्हणून ती पाहावयास तो गेला. त्यानें समुद्र पाहिला, त्यांत तो उतरला, आणि बाहेर आला तों त्याच्या मनांतला धर्मयुद्धाचा ताप निवाला होता. आतां त्याचा तरुण मुलगा त्याच युद्धांत डोळे गमावून घरीं बसला आहे, आणि फारोक सम्राटाविरुद्धच्या कटाला हातभार लावीत आहे. एवढीच हकीकत. परंतु ज्या लोकांना पहिल्या पुस्तकांत आपण एका पराक्रमी जमावाच्या रूपानें पाहिलें, त्यांतला एक माणूस येथें प्रथमच आपल्याशीं बोलतो, आणि त्या विजयाची किंमत काय हें त्याच्या ओसरीवर बसून समजतें.

दुसरा प्रसंग राजसभेंतला. पॉल स्टिलगारला जुन्या पृथ्वीवरील चंगीझखानाची व हिटलरची गोष्ट सांगतो. हिटलरनें साठ लाखांवर माणसें मारलीं हें ऐकून स्टिलगारला कांहींच वाटत नाहीं. आंकडा त्यास किरकोळ वाटतो. पॉल मग आपला स्वतःचा आंकडा सांगतो. पहिल्या पुस्तकांत ज्याच्या दिलदारपणानें आपण भारावलों तो हाच स्टिलगार ! वाचकाला येथें चपराक बसते, आणि ती स्टिलगारला मारलेली नसून आपणांस मारलेली आहे हें उमगण्यास थोडा वेळ लागतो. ज्यांना हें पुस्तक कंटाळवाणें वाटतें त्यांच्यापैकीं कित्येकांना तें वस्तुतः बोंचतें, असा आमचा संशय आहे.

शेवटाविषयीं तर वाद असूं नये. शत्रूच्या अस्त्रानें पॉलचे डोळे जातात. पूर्वीं पाहून ठेवलेल्या भविष्याच्या आधारें तो डोळस माणसासारखा वावरतो. चानी जुळ्या मुलांना जन्म देऊन मरते आणि त्या क्षणीं ती दृष्टिहि विझते, कारण मुलगी जन्मेल हें त्यानें पाहिलें होतें, मुलगा जन्मेल हें पाहिलें नव्हतें. मग आंधळ्याला वाळवंटांत सोडावें ह्या फ्रेमेनांच्या रूढीस मान देऊन तो एकटा चालूं लागतो. देवपणांतून सुटण्याचा हा एकच मार्ग त्याला उरला होता, आणि रूढि पाळल्यामुळें त्याच्या लोकांनीं त्याला अधिकच देव केला ! करुणरसाचा असा परिपोष, व त्यांत असा बोंचरा उपहास, उरलेल्या पांचांत कोठेंहि नाहीं.

मग दुबळें कोणतें ? आमचें मत तिसऱ्याविरुद्ध आहे, आणि तें पुष्कळांना आवडणार नाहीं हें आम्ही जाणतों. ‘चिल्ड्रेन ऑफ ड्यून’ फार खपलें, आणि कॅम्बेलच्या मृत्यूनंतर त्याच ‘अ‍ॅनालॉग’ मासिकानें तें १९७६ सालीं आनंदानें छापलें. हा योगायोग नव्हे असें आम्हांस वाटतें. दुसऱ्या पुस्तकानें जें हिरावून घेतलें होतें तें तिसऱ्यानें परत दिलें : विषारी कट, मुलांवर सोडलेले वाघ, हरवलेली वस्ती, आणि एक नवा अजिंक्य नायक. पॉलची जुळीं मुलें नऊ वर्षांचीं आहेत, पण पूर्वजांच्या साऱ्या स्मृति त्यांच्यांत जाग्या असल्यामुळें तीं बोलतात मात्र नव्वद वर्षांच्या मुत्सद्द्यांसारखीं. त्यांच्याविषयीं काळजी वाटावयाची तरी कशी? मुलगा लेटो कृमींच्या बालरूपांची कातडी अंगावर चढवितो, आणि मग तो वाळवंट ओलांडून धांवतो, पाटबंधारे फोडतो, दरवाजे उडवितो. तारकाचा धोका दाखविण्यासाठीं निघालेला लेखक येथें पहिल्याहून बलाढ्य तारक उभा करतो, व त्याची किंमत काय हा हिशेब चौथ्या पुस्तकाकडे ढकलतो. पॉलची बहीण आलिया हिच्या देहांत तिचा मृत आजोबा, तोच ओंगळ हार्कोनन सरदार, ठाण मांडून बसतो, ही कल्पना भयंकर व उत्तम. पण तिच्या वाट्याला जितकीं पानें यावयास हवीं होतीं तितकीं आलेलीं नाहींत.

पुढच्या तिहींविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. ‘गॉड एम्परर’मध्यें साडेतीन हजार वर्षें लोटलीं आहेत व लेटो अर्धा कृमि होऊन प्रवचनें देत आहे, तीं लांबतात, तरी हिशेब तेथें चुकता होतो, म्हणून आम्ही त्याच्या बाजूचे. ‘हेरेटिक्स’ पसरट आहे. ‘चॅप्टरहाऊस’ची कथा मध्येंच तुटते, पण त्याच्या अखेरीस हर्बर्टनें १९८४ सालीं वारलेल्या आपल्या पत्नीविषयीं, बेव्हर्लीविषयीं, जीं थोडीं पानें लिहिलीं आहेत, तीं वाचल्यावर त्या पुस्तकाला शेवटच्या पायरीवर बसविण्याचा धीर आम्हांस होत नाहीं. ही समीक्षा नव्हे, हें खरें.

तिसऱ्यावर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांत एक आंधळा उपदेशक वाळवंटांतून शहरांत येतो, आणि पॉलच्या नांवानें चाललेल्या धर्माची पॉलच्या देवळासमोर उभा राहून निर्भर्त्सना करतो. तो कोण हें लोक कुजबुजतात, वाचकालाहि कळून चुकतें, आणि शेवटीं त्याच धर्माचा एक पुजारी त्याला भोसकतो. ह्या प्रवेशांत फारोकच्या ओसरीवरचा तोच आवाज पुन्हां ऐकूं येतो. तेवढीं पानें तेथून काढून ‘ड्यून मेसाया’च्या शेवटीं शिवतां आलीं असतीं तर किती बरें झालें असतें, असें आम्हांस प्रत्येक वाचनाच्या वेळीं वाटतें.