'कुंकू' : पुसल्यानंतरचें काय?

'प्रभात'चा 'कुंकू' (१९३७) हा बोलपट रसिकांना आठवतो तो नीरेच्या बंडामुळें. शांता आपटे यांची त्यांतील तडफ विसरण्याजोगी नाहींच. पण आमच्या मतें चित्राचें मर्म केशवराव दाते यांच्या काकासाहेबांत आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं हें चित्र रचिलें, तेव्हां पार्श्वसंगीत कटाक्षानें टाळिलें. त्यामुळें भिंतीवरील घड्याळाची टिकटिक त्या जरठ वराचें उरलेलें आयुष्यच मोजूं लागते. आपण हिला नवरा म्हणून नव्हे, बाप म्हणूनच शोभतों, हें त्यास उमगतें आणि तेथेंच त्याचा संसार संपतो.

पण पुढें? काकासाहेब आत्महत्या करून तिला मोकळें करतात, आणि त्याच कृत्यानें विधवाहि करतात! पुनर्विवाहाची अनुज्ञा पत्रांत राहते. कपाळ मात्र नीरेचें. आमच्या खानदेशांत, जळगांवच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ऐन तिशींत विधवा झाल्या. कुंकू पुसल्यावरहि शेत, चूल आणि मुलें यांचा गाडा कसा ओढावा लागतो, हें त्या निरक्षर शेतकरणीच्या १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या गाण्यांत आहे. बोलपट त्या उंबरठ्याशींच थबकतो. तें पत्र वाचल्यानंतरची नीरा आम्हांस पाहावयाची होती.