पांढरीतले मणी आणि उतरवून घेतलेली बटणे

खानदेशातील उत्खननांचे अहवाल मी शेवटाकडून वाचतो. सुरुवातीची पाने स्तर, कालखंड आणि मृद्भांडी यांनी भरलेली असतात. विद्वानांचे वाद तेथे चालतात. मणी, बांगड्या, अंगठ्या, कर्णभूषणे, सुरम्याच्या काड्या यांना मागे जागा मिळते. पुरातत्त्वाच्या परिभाषेत त्यांना ‘लहान वस्तू’ म्हणतात. ज्या समाजाला शतकानुशतके अंगावर काय घालावे आणि काय घालू नये हे दुसऱ्यांनी सांगितले, त्या समाजातून आलेल्या वाचकाला या वस्तू लहान वाटणे शक्य नाही.

अगोदर एक साधी गोष्ट मान्य केली पाहिजे. कापड आपल्याकडच्या जमिनीत टिकत नाही. १९५४ ते ५६ या काळात डॉ. सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केले. तेथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्यात ओवलेला धागाही शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. तो टिकला याचे कारण एवढेच, की तांब्याला चढलेल्या गंजाच्या क्षारांनी त्याला कुजू दिले नाही. चांदोलीलाही तांब्याच्या मण्यांतच जवसाच्या तंतूचा धागा सापडला. धातूला चिकटलेला तेवढा धागा उरला, बाकीचे वस्त्र मातीत गेले. म्हणजे पोशाखाचा म्हणून जो इतिहास आपल्यापुढे ठेवला जातो, तो वास्तविक पोशाखाला लागलेल्या कठीण वस्तूंचा इतिहास आहे. ज्याच्या कमरेला लंगोटी आणि खांद्यावर घोंगडीचा तुकडा, त्याच्या अंगावरचे काहीही उत्खनकाच्या चाळणीत अडकणार नाही. ही उणीव निसर्गाची आहे. पण तिच्यावर समाजव्यवस्थेने आपला हिशेब बसवलेला आहे, आणि त्याची दखल अहवाल घेत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

तक्रार करण्यापूर्वी पाटण्याविषयी लिहितो, कारण तेथे मन प्रसन्न होते. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे आहे. सुशिक्षितांना हे गाव भास्कराचार्यांमुळे ठाऊक असते. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथील देवळात आहे. व्याख्यानांत, स्मरणिकांत तो हमखास येतो. याच पाटण्याला १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केले आणि उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी काढले. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. कवचाचा तुकडा फोडायचा, गारगोटीच्या टोकाने त्याला भोक पाडायचे आणि मग कडा घासून घासून गोल करायच्या, अशी ही कारागिरी. अर्धवट घडवलेला मणीही तेथे आहे, आणि आडव्यातिडव्या रेषा कोरलेला कवचाचा एक तुकडाही. समुद्र शेकडो मैल दूर असताना शिंपल्याचा मणीदेखील तेथे मिळाला. साळींनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हे सारे बारकाईने नोंदवले आहे आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

खानदेशात माणसाने स्वतःला सजवल्याची ही इतकी जुनी खूण. शेती नव्हती, गाव नव्हते, गावकूस नव्हते. हा मणी कोणी घालावा आणि कोणी घालू नये हे सांगणारा ग्रंथ लिहिला जायला अजून वीस हजारांहून अधिक वर्षे होती. चांगदेवाच्या शिलालेखाची आठवण दरवर्षी निघते. अंड्याच्या कवचाला भोक पाडणाऱ्या त्या निनावी हाताची निघत नाही. मठ आणि मणी यांत मठाकडेच लक्ष जावे, ही आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड आहे.

पाटण्याहून खाली नदीकाठी आले की पांढरी लागते. जुन्या वस्तीच्या राखेने आणि मातीच्या भिंतींनी साठत गेलेला ढिगारा म्हणजे पांढरी. आमच्याकडची धाब्याची घरे शाकारायला तीच माती लोक खणून नेतात, आणि पावसाळ्यात एखाद्याच्या धाब्यावर काचेचा मणी उघडा पडतो. गिरणेकाठच्या बहाळची पांढरी म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ आणि १९५६-५७ मध्ये खोदली. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी खोदले. ते तेव्हा पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात होते आणि १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. थापरांचा अहवाल ‘एन्शन्ट इंडिया’त प्रसिद्ध झाला. तो शिस्तीचा नमुना आहे. पण लहान वस्तूंची त्यातली वर्गवारी पाहा : पदार्थ कोणता, आकार कोणता, थर कोणता. शंख, काच, माती, तांबे, लोखंड. कोणाच्या हातातले, हा रकाना नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र तो रकाना आहे. चांडाळाने गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि दागिने घालायचे ते लोखंडाचे, असे तेथे सांगितले आहे. वस्त्र, भांडे, दागिना ही उत्खनकाची तीन मुख्य साधने आणि मनूच्या बहिष्काराचीही तीच तीन साधने! फुटक्या खापरावर ज्यांचे सगळे शास्त्र उभे आहे, त्यांना हे कधी खटकले नसेल काय?

येथे मला माझ्याच मित्रांना आवरावेसे वाटते. लोखंडी कडे सापडले की ‘हा आमचा पूर्वज’ म्हणून त्यावर झडप घालण्याचा मोह आपल्या चळवळीत आहे. तो टाळला पाहिजे. लोह नव्याने आले त्या काळात ते मोलाचेही असेल. स्मृतीतला नियम प्रत्यक्षात कोठे, कधी, किती पाळला गेला हे एका कड्यावरून सिद्ध होत नाही. पण ते कडे वस्तीच्या कोणत्या भागात पडले होते, त्याच्या शेजारी काय होते, हे कोष्टकाच्या वर आणून मांडले तर निदान प्रश्न तरी विचारता येईल. उत्खनने बहुतेक पांढरीच्या उंच भागावर होतात, कारण थर तेथे जाड असतात. कडेच्या वस्तीचे थर पातळ. म्हणजे गावाने ज्यांना कडेला ठेवले, त्यांना शास्त्राची सोयही कडेलाच ठेवते.

कारागिराचे नाव उरणे अशक्य होते असेही नाही. चाळीसगावजवळच, डोंगरापलीकडे, पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत राडारोडा उपसताना एका बुटक्या यक्षाची मूर्ती मिळाली. त्याच्या हातावर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे कोरलेले आहे. बौद्धांच्या लेण्यात सोनार आपले नाव दगडावर ठेवून जाऊ शकला.

आता बटणाकडे येतो. मोहेंजोदडोला भोके पाडलेल्या शिंपल्याच्या चकत्या सापडल्या आणि त्यांना बटणे म्हणतात, पण त्यांचा उपयोग बहुधा शोभेचाच होता. आपल्या बाराबंदीला नावाप्रमाणे बंद असतात, बटण नाही. काजातून घालायचे बटण आपल्याकडे रुळले ते युरोपीय कपड्यांबरोबर आणि वर्दीबरोबर. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातल्या भिल्लाला माणसात आणल्याचे श्रेय त्यासाठी इंग्रजांनी घेतले. त्याच्या मुलखाचे काय झाले ते वेगळे. महारांच्या अंगावर वर्दी लष्करातून आली आणि १८९० च्या दशकात भरती बंद झाल्यावर गेली. पुढे भुसावळच्या रेल्वेने काहींना ती परत दिली. वर्दीच्या पितळी बटणावर जात कोरलेली नव्हती, म्हणून पेन्शनीत निघालेली माणसे जुना कोट घासूनपुसून जपत.

बिनवर्दीच्या माणसांचे काय? गिरणाकाठच्या आमच्या गावात सणाला वाड्यावरून जुने कपडे मिळत. त्यातल्या सदऱ्यांना बटणे नसत. देण्यापूर्वी ती कात्रीने उतरवून घेतलेली असत. दोऱ्याची टोके तशीच राहिलेली दिसत. त्यात विशेष दुष्टावा होता असे मला म्हणायचे नाही, काटकसर असेल. पण आणखी पाचशे वर्षांनी कोणी आमचे गाव खोदले, तर वाड्याच्या उकिरड्यात त्याला शिंपल्याची आणि हाडाची बटणे सापडतील. महारवाड्यात सापडणार नाहीत. तो लिहील : या भागात बटणांचा वापर आढळत नाही. आणि त्याचे कोष्टक बिनचूक असेल.

याहून अवघड उदाहरण १९२७ चे आहे. डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे गुडघ्यापर्यंत नेसणे, गळ्यात गळसऱ्यांचे ओझे, हातात कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे गोठ-पाटल्या, ही अस्पृश्यतेची ओळख आहे. ती टाकून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायकांनी लुगडी नेसण्याची पद्धत लगेच बदलल्याची नोंद आहे. कथील वितळवायला चूलही पुरते. म्हणजे आमच्या आज्यांनी आपल्या अंगावरचा पुरावा आपल्या हातांनी नष्ट केला, आणि तो करायलाच हवा होता. संग्रहालयात आज एखादी कथलाची पाटली ‘ग्रामीण अलंकार’ अशा चिठ्ठीखाली ठेवलेली दिसते, तेव्हा ती कोणी घातली एवढेच नव्हे तर कोणी, कधी आणि का उतरवली, हेही त्या चिठ्ठीवर लिहिले पाहिजे. मोडीला गेलेल्या दागिन्यांची नोंद खणून मिळणार नाही. ती म्हाताऱ्या बायकांना विचारूनच मिळवावी लागेल, आणि ज्यांनी ते उतरवताना पाहिले त्या आता फार थोड्या उरल्या आहेत.

आमच्या आईकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. रस्त्यात, बाजारात, शाळेच्या पटांगणात कोठेही पडलेले बटण दिसले की आम्ही पोरे ते आणून त्यात टाकत असू. वाड्यावरचा सदरा आला की ती डबा उपडा करून बसे आणि त्यातल्या त्यात सारखी दिसणारी निवडी. चौथीत मी जो सदरा घालून शाळेत जात होतो, त्याला पाच बटणे होती. तीन पांढरी, एक तपकिरी, आणि गळ्याशी कोणाच्या तरी वर्दीचे पितळी.