उत्तरकालीन शाहिरी आणि झीलकऱ्याचा आवाज : संभाजी भगत यांच्या दोन कलाकृतींच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्रदीर्घ कारकिर्दीच्या उत्तरकाळात लोकगायकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. कवीच्या शेवटच्या संग्रहाची तुलना त्याच्या पहिल्या संग्रहाशी करता येते, कारण दोन्ही संग्रह अभ्यासकाच्या मेजावर असतात. शाहिराची रचना मात्र समूहासमोर आकार घेते आणि समूहाच्या प्रतिसादाने पूर्ण होते. त्यामुळे 'आवाज पूर्वीसारखा राहिला का?' हा प्रश्न त्याच्या बाबतीत अपुरा ठरतो. प्रस्तुत लेखात शाहीर संभाजी भगत यांच्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) हे नाटक आणि 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट यांतील योगदानाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रॅप आणि शाहिरी :
न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये झालेल्या एका मेजवानीपासून हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. आज या परंपरेतील पहिल्या पिढ्यांचे कलावंत पन्नाशी ओलांडून गेले आहेत. २०२४ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एमिनेमने 'द डेथ ऑफ स्लिम शेडी' हा अल्बम प्रसिद्ध केला. तारुण्यात ज्या उद्दाम प्रतिमेने त्याला कीर्ती दिली, त्या प्रतिमेशीच तो येथे झुंजतो. ज्येष्ठ रॅपरच्या उत्तरकालीन निर्मितीत असा 'मी' अनेकदा केंद्रस्थानी येतो. आपले वय, आपले नाव, आपले स्थान हा त्याचा विषय होतो. व्यक्तिगत अल्बम हे विक्रीचे एकक असल्याने हे स्वाभाविकही आहे.

शाहिरीचे रूप वरवर रॅपसारखे आहे. तालावर आरूढ झालेले गद्यप्राय कथन, प्रसंगी केलेली शब्दांची भर, सत्तेला विचारलेले थेट प्रश्न ही लक्षणे दोहोंत आढळतात. मात्र शाहिरीच्या घडणीत झीलकऱ्याला अनन्यसाधारण स्थान आहे. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. झील हा केवळ सुरांचा आधार नसून, गायकाचे म्हणणे समूहाने स्वीकारल्याची ती ग्वाही असते. झीलेविना पोवाडा म्हणजे एकट्याचे भाषण होय. उत्तरकालीन शाहिराच्या मूल्यमापनाचा निकष येथेच सापडतो. त्याची ओळ आता कोण उचलतो, हा तो निकष होय.

कारकिर्दीची पार्श्वभूमी :
संभाजी भगत यांची जडणघडण मुंबईतील 'आव्हान नाट्य मंच' या सांस्कृतिक चळवळीत झाली. याच चळवळीतील शाहीर विलास घोगरे यांनी जुलै १९९७ मध्ये रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या पोलीस गोळीबारानंतर आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटाचा आरंभबिंदू हीच घटना आहे. भगत यांचे गायनही त्या माहितीपटात पाहावयास मिळते. वस्त्यांतील चौक, मोर्चे आणि जयंतीचे मंच ही त्यांच्या गायनाची स्वाभाविक भूमी. दोन तपांहून अधिक काळ या भूमीवर वावरल्यानंतर ते नाटकाकडे व चित्रपटाकडे वळले.

जांब समर्थची झील :
'शिवाजी अंडरग्राउंड' या नाटकाची संकल्पना, गीते व संगीत भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे आहे. शिवरायांना नेण्यासाठी आलेल्या यमाच्या हाती त्यांचे विचार लागत नाहीत. म्हणून जिरेटोप घेऊन तो योग्य डोक्याचा शोध घेत फिरतो, ही त्याची कल्पना. शाहिरीच्या सवाल-जवाबातून 'कोणाचा शिवाजी?' या प्रश्नाची उकल होते. पोवाड्याचा ज्ञात इतिहास अज्ञानदासाच्या अफजलखान वधाच्या पोवाड्यापर्यंत मागे जातो. ज्या नायकापासून हा इतिहास सुरू झाला, त्याच नायकाकडे भगत नवे प्रश्न घेऊन परततात.

नाटकातील गाणी मात्र मुंबईच्या मुरब्बी गायकांच्या तोंडी नाहीत. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ व परिसरातील शेतकरी कुटुंबांतून आलेले कलावंत ती गातात. त्यांच्या उच्चारांत मराठवाडी बोलीचा ठसा आहे आणि नाटकाने तो पुसलेला नाही. मुंबईच्या चळवळीत घडलेली चाल मराठवाड्याच्या कंठातून येताना तिचा अर्थ बदलतो. नामांतराच्या प्रश्नावर १९७८ पासून १९९४ पर्यंत होरपळलेल्या प्रदेशातील तरुणांनी शिवाजी आणि भीमनगर यांना एकाच रंगमंचावर आणणे, ही साधी गोष्ट नव्हे. येथे शाहीर स्वतः मागे राहतो आणि झीलकरी पुढे येतात.

न्यायालयात गेलेले गाणे :
चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' या चित्रपटाला २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे पासष्टीचे आहेत. नागपूरचे कार्यकर्ते व 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार (निधन २०२१) यांनी ही भूमिका साकारली. गीत-संगीत भगत यांचे आहे. कांबळे यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस त्यांना भर कार्यक्रमातून अटक करतात.

न्यायालयात त्या गाण्याचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. अभियोजक फाइलमधील मजकूर एकसुरात वाचते. ताल, झील, श्रोते, प्रसंग यांतील काहीही त्या वाचनात उरत नाही. उरते ते फक्त विधान आणि त्यावरून लावलेले कलम. असे गाणे गायले नसल्याचे, पण गाण्यास हरकतही नसल्याचे कांबळे सांगतात. पवार यांच्या पत्नीच्या साक्षीतून मृत्यूचे खरे कारण पुढे येते : सुरक्षा साधनांशिवाय विषारी वायूत उतरणे. पुढे जामिनावर सुटलेले कांबळे पुन्हा मंचावर उभे राहतात आणि त्यांना पुन्हा अटक होते.

हे दृश्य मराठी समीक्षेलाही आरसा दाखविते. शाहिरीला 'प्रचारकी' ठरविताना समीक्षकाने बहुधा हेच केलेले असते. छापील ओळ सादरीकरणातून तोडून घ्यायची आणि तिच्यावर निकाल द्यायचा. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकांतही पोवाडा संहिता म्हणून शिकविला जातो आणि झील कंसात टाकली जाते किंवा गाळली जाते. उद्देश भिन्न असला, तरी वाचनाची ही रीत न्यायालयातील त्या रीतीपेक्षा फार वेगळी नाही.

मर्यादा :
या दोन्ही कलाकृतींची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तिकीट काढून येणारा नाट्यगृहातील प्रेक्षक आणि व्हेनिसच्या महोत्सवातील प्रेक्षक झील धरत नाहीत. ते टाळ्या वाजवितात. 'कोर्ट'मधील स्थिर कॅमेरा गाण्याला अवकाश देतो, पण बाहेरचा प्रेक्षक गाण्याचा साक्षीदार होतो, सहगायक होत नाही. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी जयंतीच्या मंचापुढे बसलेला श्रोता ज्या हक्काने धृपद उचलतो, तो हक्क पडद्यापुढे नाही. कीर्ती वाढताना झीलकरी घटण्याचा हा धोका ज्येष्ठ रॅपर आणि ज्येष्ठ शाहीर या दोघांपुढेही आहे.

समारोप :
असे असले तरी भगत यांच्या उत्तरकालीन निर्मितीची दिशा महत्त्वाची ठरते. ज्या वयात कलावंत आपले नाव जपू लागतो, त्या वयात त्यांनी आपली चाल जांब समर्थच्या तरुणांना दिली आणि आपले शब्द साथीदारांच्या भूमिकेला दिले. उत्तरकाळ म्हणजे ओसरलेल्या आवाजाचा काळ, हे गृहीतक त्यामुळे तपासून पाहावे लागते. साथीदार आज हयात नाहीत, पण त्यांनी साकारलेला शाहीर जामिनावर सुटताच पुन्हा गाण्यास उभा राहतो. त्याच्या ओळीला झील कोण धरणार, हा प्रश्न अभ्यासकांसमोरही उरतो. संहितेबरोबर सादरीकरणाचाही पुरावा मानणारी अध्यापनपद्धती हे त्याचे एक उत्तर होऊ शकेल.