संततिनियमन आणि समता : डॉ. आंबेडकरांचे एक भाषण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनभाषणांचा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला दुसरा खंड चाळताना वाचकाचे लक्ष बहुधा राजकीय भाषणांकडे जाते. आम्हांस मात्र त्यातील संततिनियमनावरील भाषण अधिक मननीय वाटते. संततिनियमनाचा प्रचार करून त्याची साधने सरकारने पुरवावीत, असा ठराव १० नोव्हेंबर १९३८ रोजी रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला. भाषण रोहमांनी केले, पण ते लिहिले होते डॉ. आंबेडकरांनी. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला.

या भाषणात दोन युक्तिवाद शेजारी शेजारी नांदतात. पहिला अर्थशास्त्राचा : वाढती लोकसंख्या, अपुरे अन्न, बालमृत्यू, दारिद्र्य. दुसरा न्यायाचा : कोणत्याही कारणाने स्त्रीस मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे, आणि हा निर्णय सर्वस्वी तिचा असला पाहिजे. दोहोंचे फलित एकच, म्हणून तत्त्वही एकच, असे मानणे आम्हांस मान्य नाही. लोकसंख्या घटावी म्हणून जे सरकार आज साधने देते, ते त्याच कारणास्तव उद्या सक्तीही करील. दुसरा युक्तिवाद त्या सक्तीसही आडवा येतो.

पुढे राज्यकर्त्यांनी उचलला तो मुख्यतः पहिलाच. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची आठवण अजून बुजलेली नाही. १९७१ च्या कायद्याने गर्भपातास मुभा दिली, परंतु निर्णय डॉक्टरांच्या मतावर सोपविला. दोहोंपेक्षा अधिक अपत्ये असणारांस पंचायतीची दारे बंद करणारा हरयाणाचा नियम २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. जिला घरात नकार देण्याची सोय नाही, तिलाही हा दंड भरावा लागे, याचा विचार त्या नियमात नव्हता.

राज्यघटनेच्या शब्दांत अपत्याविषयीच्या निर्णयाचा उल्लेख कोठेही नाही. तो अर्थ न्यायालयास काढावा लागला. २००९ साली हा निर्णय २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असे ठरले. २०२२ साली, २० ते २४ आठवड्यांच्या गर्भाबाबत अविवाहितेस वगळणे १४ व्या अनुच्छेदातील समतेशी विसंगत मानले गेले. तथापि पुढच्याच वर्षी, २६ आठवडे उलटलेल्या एका विवाहितेस, कायद्याची मर्यादा संपली म्हणून, परवानगी नाकारण्यात आली. म्हणजे अधिकार मान्य झाला, पण तो कायद्याच्या चौकटीपुरताच.

या भाषणासोबत डॉ. आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये आमच्या नागपुरात, दलित महिला परिषदेत केलेले भाषणही वाचावे. समोर हजारो स्त्रिया होत्या. लग्नाची घाई नको, फार मुले नकोत, आणि पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हा, असा त्याचा आशय. फार मुले होऊ देणे हा गुन्हा, हे त्यातील विधान आम्हांस खटकते; तेथे पहिल्या युक्तिवादाचा कठोर सूर डोकावतो. परंतु बरोबरीच्या नात्यावाचून अपत्याचा निर्णय स्त्रीच्या हाती येत नाही, हे मर्म मुंबईपेक्षा नागपुरातच अधिक स्पष्ट झाले.

आमच्या सुशिक्षित घरांत ‘आता पाळणा हलू दे’ असे वडीलधारी मंडळी सहज म्हणतात; सुनेचे मत विचारले जातेच असे नाही. अशा घरांत हे ८-१० मिनिटांचे वाचन व्हावे, अशी आमची शिफारस आहे.